विश्लेषण : जर्मनीत निर्वासितांचे उपचार त्यांच्या पत्त्यावर का ठरतात?

एकाच देशातून, एकाच आठवड्यात जर्मनीत पोहोचलेले दोन आश्रयार्थी डोळ्यांसमोर आणू. दोघांचा अर्ज एकाच केंद्रीय कार्यालयाकडे, दोघांना लागू असलेला कायदाही एकच. दोघांनाही मधुमेह आहे. एकाची रवानगी ब्रेमेन शहरात होते, दुसऱ्याची बव्हेरियातील एका ग्रामीण जिल्ह्यात. साखर वाढली की ब्रेमेनमधला माणूस खिशातले आरोग्यकार्ड घेऊन थेट डॉक्टरकडे जातो. बव्हेरियातल्या माणसाला आधी समाजकल्याण कार्यालयात जाऊन उपचारासाठी चिठ्ठी मागावी लागते. हा फरक आजाराचा नाही, अर्जाचाही नाही. तो पत्त्याचा आहे. निर्वासितांच्या आरोग्याचे धोरण राजधानीत ठरते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते नगरपालिकेच्या आणि जिल्हा कार्यालयाच्या टेबलावर कसे ठरते, याचे जर्मनी हे ठळक उदाहरण आहे.

कायदा काय सांगतो?

१९९२ साली जर्मनीत आश्रयासाठी सुमारे ४ लाख ३८ हजार अर्ज आले. त्यावरून देशात मोठे राजकीय वादळ उठले. राज्यघटनेतील आश्रयाच्या हक्काला मुरड घातली गेली आणि १ नोव्हेंबर १९९३ पासून आश्रयार्थींना मिळणाऱ्या मदतीसाठी स्वतंत्र कायदा लागू झाला. सर्वसामान्य नागरिकांच्या सामाजिक सुरक्षेपेक्षा ही मदत मुद्दाम कमी ठेवण्यात आली. जास्त सवलती दिल्या तर जास्त लोक येतील, असा त्यामागचा तर्क होता.

या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार आश्रयार्थींना ‘तीव्र आजार आणि वेदना’ यांवर उपचार मिळतात. गरोदरपण, बाळंतपण, लसीकरण आणि आवश्यक तपासण्या यांचाही त्यात समावेश आहे. कृत्रिम दात मात्र अगदीच टाळता येत नसेल तरच. यापलीकडचे सारे सहाव्या कलमावर सोपवले आहे. एखाद्या व्यक्तीच्या आरोग्यासाठी ‘अपरिहार्य’ असेल, तर इतर उपचारही मंजूर करता येतात. मूळ तरतुदीत ‘करावे लागतील’ असे नाही, ‘करता येतील’ असे आहे. स्थानिक कार्यालयाच्या अधिकाराला जागा मिळते ती याच शब्दांतून.

वर्षानुवर्षे चालणारा मधुमेह तीव्र आजार मानायचा का? गुडघ्याचे दुखणे वेदनेत धरायचे, पण शस्त्रक्रिया नको, असे म्हणता येते का? युद्धात पाहिलेल्या प्रसंगांमुळे झोप उडालेल्या माणसाला मानसोपचार अपरिहार्य आहेत की नाहीत? कायद्यात यांची नेमकी उत्तरे नाहीत. ती संबंधित कार्यालयाने द्यायची आहेत.

ही बंधने किती काळ?

हा काळ राजकीय वाऱ्यानुसार बदलत आला आहे. तो १९९७ मध्ये ३६ महिने, २००७ मध्ये ४८ महिने झाला. २०१५ मध्ये तो १५ महिन्यांवर आला, २०१९ मध्ये १८ महिने झाला आणि फेब्रुवारी २०२४ पासून पुन्हा ३६ महिने आहे. ही मुदत संपली की आश्रयार्थीला जवळपास सामान्य विमाधारकासारखे उपचार मिळू लागतात आणि आरोग्यविमा कंपनीचे कार्डही हाती येते. आश्रय मंजूर झाला तर ही वाट पाहावी लागत नाही. म्हणजे कायद्याचा खरा भार पडतो तो अर्जाचा निकाल न लागलेल्यांवर, किंवा अर्ज फेटाळला जाऊनही परत पाठवता न आलेल्यांवर.

२०२४ च्या बदलामुळे हा काळ दुप्पट झाला. त्यामुळे या तीन वर्षांत स्थानिक कार्यालय कसे वागते, याला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

माणूस कुठे जाणार, हे कोण ठरवते?

स्वतः आश्रयार्थी नक्कीच नाही. जर्मनीच्या १६ राज्यांमध्ये आश्रयार्थींची वाटणी एका ठरलेल्या सूत्राने होते. त्यात राज्याच्या करउत्पन्नाला दोन तृतीयांश आणि लोकसंख्येला एक तृतीयांश वजन असते. श्रीमंत आणि मोठ्या राज्याकडे जास्त माणसे जातात. सुरुवातीला ही माणसे राज्याच्या स्वागत केंद्रात राहतात, नंतर त्यांना जिल्ह्यांकडे आणि नगरपालिकांकडे सोपवले जाते. नेमून दिलेल्या ठिकाणीच राहण्याचे बंधन असते. चांगल्या सोयी असलेल्या शहरात मनाने जाऊन राहता येत नाही.

स्वागत केंद्र सोडल्यावर उपचारांच्या खर्चाची जबाबदारी सर्वसाधारणपणे त्या त्या जिल्ह्याच्या किंवा पालिकेच्या समाजकल्याण खात्यावर येते. कायदा केंद्राचा, अंमलबजावणी राज्याची आणि बिल पालिकेच्या दारात, अशी ही उतरंड आहे. पालिकेला हे पैसे परत किती मिळतात, हे राज्याराज्यांत वेगळे आहे.

चिठ्ठीची पद्धत कशी चालते?

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात आधी केसपेपर काढावा लागतो. पण तो दवाखान्याच्याच खिडकीवर मिळतो. जर्मनीतील चिठ्ठी दवाखान्यात मिळत नाही. ती समाजकल्याण कार्यालयातून आणावी लागते आणि बहुतेक ठिकाणी ती एका तिमाहीपुरती चालते. काही कार्यालये दर तिमाहीला चिठ्ठी आपणहून पाठवतात. काही ठिकाणी आजारी पडल्यावर प्रत्यक्ष जाऊन मागावी लागते. तज्ज्ञ डॉक्टरकडे जायचे तर पुन्हा मंजुरी. महागड्या उपचारांसाठी सरकारी आरोग्य खात्याच्या डॉक्टरचे मतही मागवले जाते.

खिडकीपलीकडे बसलेला कर्मचारी डॉक्टर नसतो. तरी पोटात दुखते आहे ते आजच दाखवायला हवे की सोमवारपर्यंत थांबता येईल, याचा पहिला अंदाज त्यालाच घ्यावा लागतो. आश्रयार्थीला त्याची भाषा येत नाही, त्याला आश्रयार्थीची येत नाही. शनिवार-रविवारी कार्यालय बंद. कुणाचे गाव कार्यालयापासून दूर, बस दिवसातून मोजक्या. कागदावर हक्क शाबूत असतो, पण तो वापरायचा तर आजारी माणसाने आधी प्रवास करायचा.

तातडीच्या प्रसंगी चिठ्ठीशिवाय रुग्णालयात जाता येते. अशा वेळी रुग्णालयाला खर्च मागता यावा, यासाठी २०१५ मध्ये कायद्यात स्वतंत्र कलमही घालण्यात आले. पण ही सोय तातडीपुरतीच आहे. साहजिकच साधा आजार बळावेपर्यंत थांबायचे आणि मग थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा, याकडे कल वाढतो. रुग्णाच्या दृष्टीने हे धोक्याचे आणि पालिकेच्या दृष्टीने खर्चिक.

ब्रेमेनने काय बदलले?

ब्रेमेनने २००५ मध्ये वेगळी वाट धरली. तेथील प्रशासनाने एका सार्वजनिक आरोग्यविमा कंपनीशी करार केला. कंपनीने आश्रयार्थींना आपल्या इतर सभासदांसारखेच कार्ड द्यायचे, डॉक्टरांची बिले भागवायची आणि तो खर्च प्रशासनाकडून वसूल करायचा. त्याबदल्यात कंपनीला सेवाशुल्क मिळते. आश्रयार्थी यामुळे विम्याचा सभासद होत नाही. पैसा सरकारचाच राहतो. पण चिठ्ठी मागण्याचा टप्पा गळून पडतो.

कायद्याने ठरवलेली उपचारांची मर्यादा कार्डामुळे बदलत नाही. कार्डाच्या चिपमध्ये तशी खूणही असते. बदलते ते निर्णय घेणारे माणूस. डॉक्टरकडे जायचे की नाही हे रुग्ण ठरवतो, काय उपचार करायचे हे डॉक्टर ठरवतो. मोजक्या महागड्या बाबी सोडल्या तर कर्मचाऱ्याला मध्ये पडावे लागत नाही.

हॅम्बुर्गने २०१२ मध्ये हीच पद्धत उचलली, तीही ब्रेमेनच्याच विमा कंपनीशी करार करून. २०१५ मध्ये जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार आश्रयार्थी आले, तेव्हा चिठ्ठ्यांचे काम पालिकांच्या आवाक्याबाहेर गेले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने कायदा बदलला. राज्याने मागणी केल्यास विमा कंपनीला ही जबाबदारी नाकारता येणार नाही, असे ठरले. २०१६ मध्ये बर्लिन आणि श्लेस्विग-होलस्टाइन, २०१७ मध्ये थुरिंजिया या राज्यांनी कार्ड सुरू केले. ब्रँडेनबर्गमध्येही जिल्हे या वाटेने गेले.

मग सगळीकडे कार्ड का नाही?

कारण केंद्राने मुभा दिली, सक्ती केली नाही. बव्हेरियाने कार्डाला नकार दिला. इतक्या सोयी दिल्या तर आश्रयार्थींचा ओघ वाढेल, ही १९९३ मधली भीती तिथे कायम राहिली. सर्वाधिक लोकसंख्येच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने मधला मार्ग काढला. राज्याने २०१५ मध्ये विमा कंपन्यांशी चौकट करार केला आणि त्यात सामील व्हायचे की नाही, हे आपल्या ३९६ नगरपालिकांवर सोडले. बोखुम, बॉन, कोलोन अशा काही शहरांनी होकार दिला. बहुसंख्य पालिका बाहेरच राहिल्या. परिणामी एकाच राज्यात, शेजारशेजारच्या दोन गावांमध्ये दोन पद्धती सुरू झाल्या.

या नकारामागे केवळ निर्वासितविरोध नव्हता. घोडे पेंड खाते ते पैशाच्या हिशेबात. या करारात विमा कंपनीचे सेवाशुल्क उपचारखर्चाच्या ८ टक्के आणि दरमहा माणशी किमान १० युरो असे ठरले होते. लहान पालिकेत पंधरावीस आश्रयार्थी असतात. कार्ड घेतले म्हणून तिथला एखादा कर्मचारी कमी करता येत नाही. म्हणजे शुल्काचा खर्च वाढतो, पण वेतनाचा खर्च तेवढाच राहतो. शिवाय राज्याकडून येणारी रक्कम माणशी ठरलेली असेल, तर एखाद्याला कर्करोग निघाला की छोट्या पालिकेचे अंदाजपत्रक हलते. चिठ्ठी हे अशा पालिकेला खर्चावर हात ठेवण्याचे एकमेव साधन वाटते.

ब्रेमेन, हॅम्बुर्ग आणि बर्लिन या तिन्ही ठिकाणी कार्ड आले, याचे कारणही यातच दडले आहे. ही तिन्ही शहरे स्वतःच राज्ये आहेत. शुल्क ज्या तिजोरीतून जाते, त्याच तिजोरीत कारकुनी कामातली बचत जमा होते. हॅम्बुर्गच्या प्रशासनाने ही बचत वर्षाला सुमारे १६ लाख युरो इतकी सांगितली होती. मोठ्या राज्यांत शुल्क एकाच्या खिशातून जाते, धोरणाचे श्रेय दुसऱ्याला मिळते. थुरिंजियासारख्या राज्याने संपूर्ण राज्यात कार्ड लागू केले, यावरून राज्य सरकारने पुढाकार घेतल्यास ही अडचण ओलांडता येते, हेही दिसते.

कार्डामुळे खर्च वाढतो का?

सर्वाधिक वाद याच मुद्द्यावर आहे. कायवान बोझोर्गमेहर आणि ओलिव्हर राझुम या संशोधकांनी १९९४ ते २०१३ या काळातील जर्मनीची सरकारी आकडेवारी तपासली. त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्या उपचारांवर बंधने होती, त्यांच्यावरील दरडोई वार्षिक खर्च बंधने नसलेल्यांपेक्षा सुमारे ३७६ युरोंनी, म्हणजे जवळपास ४० टक्क्यांनी जास्त निघाला. दोन्ही गटांच्या गरजा अगदी सारख्या नव्हत्या, पण त्या फरकाने ही तफावत काही अंशीच स्पष्ट होते, असे त्यांना दिसले.

याचा अर्थ कार्ड दिले की प्रत्येक पालिकेचा खर्च घटतोच, असा काढता येणार नाही. हा अभ्यास बंधनांबद्दल होता, कार्डाबद्दल नव्हता. पण उपचार अडवले की पैसे वाचतात, या गृहीतकाला त्याने मोठा धक्का दिला. रक्तदाबाची गोळी स्वस्त असते, पक्षाघाताचे उपचार महाग. पहिल्याला ‘तीव्र आजार नाही’ म्हणून नकार दिला, तर दुसऱ्याचा खर्च टळत नाही.

न्यायालयाची भूमिका काय?

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १८ जुलै २०१२ रोजी याच कायद्यातील रोख मदतीची रक्कम घटनाबाह्य ठरवली. ती वर्षानुवर्षे वाढवलेलीच नव्हती. स्थलांतराला आळा घालण्याच्या धोरणासाठी मानवी प्रतिष्ठेत कपात करता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. तो निकाल रोख मदतीपुरता होता, आरोग्याची कलमे तशीच राहिली. तरी सहाव्या कलमाचा अर्थ उदारपणे लावावा, या मागणीला त्यामुळे बळ मिळाले. देशातील डॉक्टरांच्या राष्ट्रीय परिषदेनेही आश्रयार्थींना सर्वत्र कार्ड द्यावे, अशी मागणी केली आहे.

कागदपत्रे नसलेल्यांचे काय?

त्यांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी आहे. वैध कागदपत्रांविना राहणाऱ्यांनाही या कायद्यानुसार उपचारांचा हक्क आहे. मात्र चिठ्ठीसाठी समाजकल्याण कार्यालयात गेले, तर त्या कार्यालयाला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे त्यांची माहिती कळवावी लागते. तेथून पुढे देशाबाहेर पाठवण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. डॉक्टर आणि रुग्णालये गोपनीयतेने बांधलेली आहेत, समाजकल्याण कार्यालय तसे नाही. त्यामुळे अनेक जण तिकडे फिरकतच नाहीत आणि स्वयंसेवी डॉक्टरांच्या मदतीवर विसंबतात.

इथेही मार्ग खालूनच निघाला. थुरिंजियाने नाव न सांगता मिळणारी उपचारचिठ्ठी सुरू केली. लोअर सॅक्सनी राज्यातील हॅनोव्हर आणि ग्यॉटिंगेन या शहरांत २०१६ पासून तसा प्रयोग झाला. बर्लिनमध्ये सल्ला केंद्रामार्फत अशी सोय मिळते. केंद्राचा कायदा तोच ठेवून स्थानिक पातळीवर त्यातून वाट काढता येते, हे या प्रयोगांनी दाखवले. त्याची दुसरी बाजू अशी की, राज्यातील सरकार किंवा निधी बदलला की अशी वाट बंदही होऊ शकते.

कार्ड मिळाले की प्रश्न सुटतो?

नाही. डॉक्टरसमोर बसल्यावर दुखणे सांगता यायला हवे. जर्मनीच्या सार्वजनिक विम्यात दुभाष्याचा खर्च सहसा मिळत नाही. गंमत अशी की, बंधने असलेल्या काळात सहाव्या कलमाखाली दुभाष्याचे पैसे मंजूर होऊ शकतात. ३६ महिन्यांनंतर माणूस नेहमीच्या उपचारांकडे गेला की हा आधार सुटतो. मग अनेकदा घरातली शाळकरी मुलगी आईचे दुखणे डॉक्टरला समजावून सांगते. मानसोपचारांत भाषेची ही अडचण सर्वाधिक जाणवते. छळ सोसलेल्यांसाठी खास केंद्रे आहेत, पण तिथेही प्रतीक्षा मोठी असते.

युक्रेनच्या निर्वासितांना वेगळा नियम का?

४ मार्च २०२२ रोजी युरोपीय संघाने युक्रेनमधून आलेल्यांना तात्पुरते संरक्षण दिले. जर्मनीत त्यांना सुरुवातीला आश्रयार्थींचाच कायदा लागू झाला. मात्र १ जून २०२२ पासून त्यांना नागरिकांच्या सामाजिक सुरक्षेत आणि त्याबरोबर नियमित आरोग्यविम्यात घेण्यात आले. चिठ्ठ्यांचा प्रश्नच मिटला. केंद्राने ठरवले तर लाखो माणसांना काही महिन्यांत सरसकट एकाच पद्धतीत आणता येते, हे त्यातून सिद्ध झाले. त्याच वेळी सीरिया किंवा अफगाणिस्तानातून आलेली माणसे मात्र जुन्याच रांगेत राहिली.

हा निर्णयही पक्का नाही. १ एप्रिल २०२५ नंतर आलेल्या युक्रेनी नागरिकांना पुन्हा आश्रयार्थींच्या कायद्याखाली आणायचे, असे २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीच्या करारात ठरले. तसे झाले की त्यांच्या उपचारांचे कामही पुन्हा स्थानिक कार्यालयांकडे येते.

पुढे काय?

दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागेल. पहिली युरोपीय संघाचे नवे नियम. आश्रयार्थींच्या सोयींबाबत २०२४ मध्ये संमत झालेल्या निर्देशानुसार अल्पवयीन आश्रयार्थींना त्या देशातील मुलांसारखेच उपचार मिळायला हवेत. देशांनी आपले कायदे त्यानुसार बदलण्यासाठी १२ जून २०२६ ही मुदत आहे. पण मुलाला हक्क देऊन चिठ्ठीची खिडकी कायम ठेवली, तर तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन आईला आधी कार्यालयच गाठावे लागेल.

दुसरी गोष्ट पैशाची. २०२४ पासून केंद्र सरकार पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या प्रत्येक आश्रयार्थीमागे वर्षाला ७,५०० युरो राज्यांना देते. त्यातले पालिकांपर्यंत किती पोहोचतात आणि गंभीर आजाराचा बोजा राज्य उचलते का, यावर छोट्या पालिकांचा कल ठरेल. कार्डाचे फायदे मांडणारे अहवाल वीस वर्षांपासून येत आहेत. पालिकांचा नकार मात्र अहवालांपेक्षा अंदाजपत्रकाकडे पाहून ठरतो. ते बिल कोण भरणार याचा निकाल लागत नाही, तोवर ब्रेमेनला पाठवलेला माणूस डॉक्टरकडे जात राहील आणि दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलेला माणूस कार्यालय उघडण्याची वाट पाहत राहील.